गावाचा आणि घराण्याचा इतिहास दप्तरांतून शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथल्या टेबलाशी बसून मी बरीच वर्षं जुने कागद वाचतो आहे. मी मंडळाचा नोकर नाही, पदाधिकारीही नाही. पण शेजारी येऊन बसणारी माणसं पिशवीतून घडीचे कागद काढतात आणि विचारतात, "हे वाचता येईल का हो? आमच्या पणजोबांचं काही असेल का इथे?" तेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

मंडळ म्हणजे नेमकं काय? तिथे काय ठेवलं आहे?

७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी मंडळाची स्थापना केली. राजवाडे गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची आणि कणगीमागची दप्तरं उतरवून घेऊन कागद गोळा करत. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड छापले. मंडळाकडे आज सुमारे १५ लाख कागद आणि ३० हजारांच्या घरात पोथ्या व हस्तलिखितं आहेत. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, काही फारसीत, काही बाळबोधीत म्हणजे आजच्या देवनागरीत. यातला मोठा भाग घराण्यांनी स्वतःहून आणून दिलेला आहे. म्हणून सरकारी दप्तरखान्यात न मिळणाऱ्या गोष्टी इथे मिळतात : घरखर्चाच्या याद्या, भावाभावांची वाटणीपत्रं, लग्नातल्या आहेराच्या यादी, कर्जरोखे, देवाच्या उत्सवाचा हिशेब.

राजवाड्यांचा स्वतःचा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. खानदेशातल्या माणसाने आधी तिकडे चौकशी करावी.

आमचं घराणं सरदार-जहागीरदारांचं नव्हतं. आमचं नाव तिथे कशाला असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज दरवेळी थोडा खाली गेलेला असतो. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

इतिहासाची दप्तरं लढायांनी भरलेली असतात हा समज शाळेच्या पुस्तकांतून आला आहे. रुमाल उघडून बसलं की वेगळंच दिसतं. (जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात.) एका रुमालात शंभर कागद असतील तर त्यातले नव्वद पैसे, धान्य, जमीन, पाणी आणि भांडणं यांचे असतात. भांडण म्हटलं की साक्षीदार आले, साक्षीदार म्हटले की नावं आली.

महजर हा कागद घ्या. पाटीलकी कोणाची, शेताची हद्द कुठली, असा तंटा उभा राहिला की गावचं गोत म्हणजे गावकऱ्यांची सभा जमायची, दोन्ही बाजू ऐकल्या जायच्या आणि निवाडा कागदावर उतरायचा. त्या कागदाखाली गोतातल्या एकेकाचं नाव असतं. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्या नावापुढे त्याच्या धंद्याची निशाणी काढलेली असते. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. मी पहिल्यांदा असा महजर हातात घेतला तेव्हा निवाडा काय झाला तिकडे माझं लक्षच गेलं नाही. तळाशी बोरूने काढलेले ते लहान लहान नांगर पाहत राहिलो. एकाचा फाळ लांब, एकाचा आखूड, एकाचा घाईत वाकडा झालेला. ज्यांना आपण 'निरक्षर' म्हणून एका शब्दात संपवतो ती माणसं तिथे ओळीने उभी होती.

यातले पुष्कळ महजर छापूनही आले आहेत. मंडळाने काढलेल्या 'शिवचरित्र साहित्य' या खंडांत वतनदारांचे, गावांचे कागद बाळबोध लिपीत दिले आहेत. मोडी न येणाऱ्या माणसानेही तिथे आपल्या गावाचं नाव शोधून बघावं. मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंकही तसेच चाळावेत. खंड चाळायला एक दुपार पुरते आणि त्यात गाव सापडलं तर पुढचा सगळा रस्ता सोपा होतो.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. दप्तर लिहिणारा कारकून ज्याच्याकडून वसुली करायची किंवा ज्याला काही द्यायचं त्याचंच नाव लिहीत असे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हतं, त्यांची नावं विरळ आहेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं 'महार असामी ४' अशी आकड्यातच संपवलेली पुष्कळदा दिसतात. अशा घरांतल्या वाचकांनी आपला शोध एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या कागदांपासून सुरू करावा : वतनी जमिनीच्या नोंदी, शाळेचं रजिस्टर, पलटणीतल्या नोकरीचे कागद, रेल्वे आणि गिरणीची नोकरीची पुस्तकं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने संपली. त्या वेळी जमीन कोणाच्या नावावर होती, कोणाला परत मिळाली, याचे कागद तयार झाले आणि त्यांत तीन-तीन पिढ्यांची नावं येतात.

सुरुवात कुठून करू? थेट मंडळात येऊ का?

आधी घरात बसा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ, शक्यतो बाईजवळ, दोन तास बसा आणि फोनवर बोलणं टिपून घ्या. "आपला इतिहास सांग" असं म्हणू नका, त्याने माणूस गप्प होतो. विचारा : लग्नाची पहिली अक्षत कोणत्या देवाला द्यायची? जत्रेला कुठे जायचो? देवक कोणतं? भावकीत कोणाकडे सुतक धरायचं आणि कोणाकडे नाही? या प्रश्नांतून मूळ गाव बाहेर येतं. कुलदैवत आणि देवक हे पुरावे नव्हेत, पण कोणत्या दिशेने चालायचं हे ते सांगतात.

मग घरातले कागद : शाळा सोडल्याचे दाखले, जुना सातबारा, लग्नपत्रिका, फोटोच्या पाठी लिहिलेलं, देव्हाऱ्यातल्या पोथीचं शेवटचं पान. पोथी नकलून काढणारा माणूस शेवटी स्वतःचं नाव, गाव, शक आणि तिथी लिहीत असे, आणि हे पान लोक नेमकं बघत नाहीत.

एवढं झालं की एका कागदावर तीन गोष्टी लिहा : मूळ गाव, त्याचा आजचा तालुका, आणि तुम्हाला पक्कं माहीत असलेलं सगळ्यात जुनं नाव, अंदाजे सालासह. हा कागद हातात असला की कोणत्याही दप्तरखान्यात तुम्हाला मदत करणं शक्य होतं. नुसतं आडनाव घेऊन आलात तर मदत करणाऱ्याचेही हात बांधले जातात.

गावाचं नाव माहीत आहे, पण नोंदीत सापडत नाही. का?

बहुधा गाव भलतंच धरलेलं असतं. नुसत्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ आहेत. बुद्रुक म्हणजे मोठं किंवा मूळचं, खुर्द म्हणजे धाकटं. कागदावर गाव एकटं येत नाही : 'मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक' असं येतं. तेव्हा जुनी तर्फ आणि परगणा, म्हणजे त्या काळचे महसुली विभाग, माहीत असणं गरजेचं आहे. आजचा तालुका त्या काळी नसेलही.

यासाठी मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटिअर फार उपयोगी पडतं. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. त्यात गावं, बाजार, रस्ते, जाती, पेठा यांची बारीक माहिती आहे. ती इंग्रज अंमलदारांच्या नजरेने लिहिलेली आहे हे मनात ठेवून वाचावी.

आणि गाव संस्थानात होतं का ते पाहा. भोर, फलटण, औंध, सांगली, मिरज, जमखंडी या संस्थानांची दप्तरं वेगळी होती, त्यामुळे तिथल्या गावांचे कागद पुण्यात शोधून बहुधा हाती फारसं काही लागत नाही. मराठवाड्यातल्या गावांचे निजामी अंमलाखालचे कागद उर्दूत मिळतात आणि तिथे साल फसली असतं (त्याचा हिशेब पुढे दिला आहे).

मोडी येत नाही. अडेल का?

अडेल. छापील साधनांवर बरंच अंतर कापता येतं, पण आपल्या घराचा कागद छापलेला असण्याची शक्यता कमी. तेव्हा मोडी शिका. भिण्यासारखं काही नाही. अक्षरं बाळबोधीचीच भावंडं आहेत. आधी ओळभर रेघ आखायची आणि हात न उचलता खाली लिहीत जायचं, म्हणून अक्षरांना वळणं आली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडलेली नाही, पूर्णविराम नाही. खरी अडचण अक्षरांची नसतेच, संक्षेपांची असते. 'राजश्री'चं नुसतं 'रा', 'बितपशील'चं 'बि', 'पैवस्ती'चं 'पै' आणि पुढे दोन दंड. हे ठरावीक पन्नास-साठ संक्षेप पाठ झाले की कागद एकदम बोलायला लागतो.

मोडीचे वर्ग मंडळात होतात, राज्याच्या पुराभिलेख विभागाकडूनही होतात. वर्ग संपल्यावर रोज एक कागद वाचायचा नेम ठेवावा. सुटं आणि कोरीव अक्षर आधी घ्या. घाईचं अक्षर नंतर. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणार असाल तर मूळ कागदाचा फोटो आणि लिप्यंतर ओळीला ओळ लावून मागा. 'सारांश' घेऊ नका. सारांशात सगळ्यात आधी नावं गळतात, आणि आपल्याला नावंच हवी असतात.

कागदावर साल दिसत नाही, नुसते विचित्र शब्द आहेत.

ते साल आहे. पानिपताचं उदाहरण घेऊ, म्हणजे पडताळा आपोआप होईल. त्या वर्षीच्या कागदांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं असतं. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हे शुहूर किंवा अरबी साल. कागदावर त्याला 'सुरसन' म्हटलेलं असतं आणि ते मृगाच्या सुमारास बदलतं. त्यात ५९९ मिळवले की साल सुरू होतं ते इसवी सन १७६०. जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हा जुळलं. फसली सालात ५९० मिळवतात, तेही मृगालाच बदलतं : फसली ११७० म्हणजे तेच वर्ष. शकात ७८ मिळवायचे. कागद जानेवारी ते चैत्र यांमधला असला तर ७९. पानिपत शके १६८२ च्या पौषातलं आहे.

'छ ८ जमादिलाखर' असं दिसलं तर 'छ' म्हणजे चंद्र, त्या हिजरी महिन्याचा आठवा दिवस. नेमकी इंग्रजी तारीख जंत्रीत म्हणजे तारखा जुळवण्याच्या तक्त्यांच्या पुस्तकात बघावी, मनाने काढू नये.

कागदात आडनावच नाही. मग हा आमचाच माणूस कशावरून?

जुन्या कागदांत माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो. 'रामजी बिन सुभानजी' म्हणजे सुभानजीचा मुलगा रामजी. 'वलद' म्हणजेही तेच. 'कोम', 'भ्रतार' किंवा नुसतं 'भ्र.' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आडनाव असलंच तर ते पुष्कळदा हुद्द्याचं असतं. एकाच घराण्यातला एक भाऊ पाटील, दुसरा मूळ आडनावाने आणि तिसरा गाव सोडून गेल्यामुळे गावाच्या नावाला 'कर' लावलेला, असं सर्रास आढळतं.

तेव्हा एका नावावर विसंबू नका. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे रामजी-सुभानजी-रामजी-सुभानजी अशी साखळी चालते आणि शंभर वर्षांचं अंतर कळत नाही. बाप, गाव, शेत किंवा थळ, आणि साल या चारांपैकी तीन जुळल्याखेरीज वंशावळीत पक्क्या शाईने नाव लिहू नये. पेन्सिलीने खुशाल लिहावं.

वंशावळीत बायका कुठेच नाहीत. त्यांचा शोध कसा घ्यायचा?

मला सगळ्यांत जवळचा वाटणारा प्रश्न हाच.

इनामाचा दावा सांगायला लोकांनी वंशावळी काढून दिल्या, त्यांत मुलगे आहेत. जुन्या कुलवृत्तांतांतही 'अमक्याला दोन मुलगे व तीन कन्या' एवढंच. कन्यांना नाव नाही. आणि लग्नात नावच बदललेलं, त्यामुळे माहेरची यमुना सासरी जानकी म्हणून मरण पावते आणि दोन्ही घरच्या कागदांत ती अर्धीअर्धीच उरते.

पण एका जागी त्या असतात. जमिनीच्या फेरफार रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. खातेदार वारला की वारसांची नोंद होते. पूर्वी त्यात विधवा आणि मुलगे यायचे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींनाही वारसा मिळाला आणि त्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं येऊ लागली.

माझे पणजोबा १९५८ साली वारले. आजोबांना दोन बहिणी, असंच आम्ही घरात ऐकत आलो होतो. तालुक्याच्या अभिलेख कक्षात तो फेरफार मिळाला. निळ्या शाईत, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात : मयतास वारस मुलगे २, मुली ४, विधवा १. चारही मुलींची नावं, प्रत्येकीपुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव. खाली दुसरा फेरफार, तीन महिन्यांनंतरचा : 'मुलींनी आपला हक्क भावांचे लाभात विनामोबदला सोडला आहे.' आणि तळाशी चार अंगठे, 'नि. डा. अं.', म्हणजे निशाणी डावा अंगठा. एक अंगठा इतका दाबून उठवलेला की रेषाच नाहीत, नुसता काळा ठिपका.

त्या दोन बहिणींचं घरात कोणी नाव का घेत नव्हतं ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही. पण त्यांच्या सासरची गावं मिळाली. त्यातल्या एका गावी गेलो, तर तिच्या नातवाने माझ्या पणजोबांचा फोटो दाखवला. आमच्याकडे तो नव्हता. हक्क सोडून गेलेल्या लेकीने बापाचा फोटो जपून ठेवला होता.

तेव्हा हक्कसोडीच्या नोंदी वाचा. जिथे बाईकडून काहीतरी काढून घेतलं गेलं तिथे तिचं नाव पूर्ण लिहिलेलं सापडतं. शिवाय दत्तकपत्रं पाहा (दत्तक घेणारी बहुतेकदा विधवा असते), पोटगीचे कज्जे पाहा, देवळाला दिलेल्या समया-घंटांवरची अक्षरं पाहा. आणि तुम्ही वंशावळ काढाल तेव्हा मुलींना, सुनांना माहेरच्या नावासकट त्यात जागा द्या.

पुण्यातल्या जुन्या वाड्याची माहिती हवी आहे.

पेठांची जुनी नावं आधी लक्षात घ्या, नाहीतर कागद समोर असून ओळखणार नाही. सोमवार पेठ म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. पेशवाईतल्या खानेसुमारीत म्हणजे घरगणतीत पेठवार घरं आणि माणसं येतात. मंडळाने काढलेलं 'पुणे नगर संशोधन वृत्त' शहराच्या इतिहासासाठी अवश्य पाहावं.

अलीकडच्या दीडशे वर्षांसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि जुनी खरेदीखतं. खरेदीखतातली चतुःसीमा नीट वाचा : पूर्वेस कोणाचं घर, दक्षिणेस कोणता बोळ. शेजाऱ्यांची नावं मिळतात आणि त्यांच्या कागदांत उलट तुमचं नाव मिळतं.

नदीकाठच्या पेठांतल्या पुष्कळ घरांचे कागद १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. अशा वेळी शेजाऱ्यांचे, भाडेकरूंचे, दुसऱ्या गावी गेलेल्या भावकीचे कागद हाच आधार उरतो.

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांत खरंच नावं असतात?

असतात, आणि कित्येकदा पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. तीर्थाला गेलेला माणूस आपल्या उपाध्यायाच्या वहीत गाव, कुळ, बापआजे, भाऊ, मुलं लिहून देई. उपाध्याय गावाप्रमाणे आणि कुळाप्रमाणे वाटलेले असतात, म्हणून तिथेही मूळ गावच विचारतात. वही बघायला मिळाली तर फोटोची परवानगी मागा, दक्षिणा द्या आणि आपल्या पिढीची नोंद स्वतः लिहा. लेकी-सुनांची नावं लिहायला विसरू नका.

आमच्या कुलवृत्तांतात लिहिलं आहे ते प्रमाण मानायचं का?

मार्गदर्शक म्हणून घ्या. विसाव्या शतकात कुलवृत्तांत काढणाऱ्या मंडळींनी पत्रं पाठवून, घरोघर जाऊन, पदरमोड करून माहिती जमवली. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. गेल्या चार-पाच पिढ्या बहुधा बरोबर असतात. त्यामागचा मूळ पुरुष, त्याचं थोर कुळ, दूरदेशाहून येणं, याला मात्र समकालीन कागद मागा. जुन्या काळीही हक्क शाबीत करायला कैफियती रंगवल्या जात आणि खोटे कागद केले जात. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं आणि १८५२ चा कायदा आणला तेव्हा इनामदारांना आपला हक्क कागदांनी सिद्ध करावा लागला. त्या कैफियती आणि वंशावळी फार मोलाच्या आहेत, पण त्या सरकारपुढे दावा सांगायला लिहिलेल्या आहेत हे विसरू नये.

मंडळाखेरीज आणखी कुठे शोधायचं?

पुण्यातलं पेशवे दप्तर, म्हणजे पुणे पुराभिलेखागार, हे सगळ्यात मोठं. जुनी माणसं त्याला एलिनेशन ऑफिस म्हणत. तिथल्या हजारो रुमालांतून गो. स. सरदेसाई यांनी निवडून छापलेले ४५ खंड आहेत. ते राजकारणाच्या बाजूने निवडलेले. घराण्याच्या शोधासाठी रोजकीर्दी आणि 'प्रांत अजमास' यांसारखे हिशेबी रुमाल अधिक कामाचे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि हक्कनोंदणीची पत्रकं मिळतात. मराठवाड्यात खासरा पत्रक, म्हणजे तिथलं जमिनीच्या नोंदीचं पत्रक. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं गावोगाव उघडली गेली आणि पुष्कळ घरांना पहिल्यांदाच आपल्या खापरपणजोबांचं नाव मोडीत बघायला मिळालं. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टरही सोडू नका.

गोव्याच्या लोकांनी पणजीच्या पुराभिलेखागारात जावं. तिथल्या गावकारीच्या म्हणजे कोमुनिदादीच्या जुन्या वह्या पोर्तुगीज, मराठी आणि गोयकानडी लिपीतही आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या राज्यातले मोडी कागद आहेत. आणि मॉरिशसच्या मराठी कुटुंबांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या माणसांच्या, नोंदी आहेत : जहाज, बापाचं नाव, गाव, जिल्हा, काहींचा फोटोसुद्धा. रत्नागिरी जिल्ह्यात बसून 'आमचा एक जण बोटीवर गेला तो आलाच नाही' अशी गोष्ट ऐकलेल्या घरांनीही तिथे विचारून बघावं.

शोधताना नको ते सापडलं तर?

सापडतं. पेशवाईच्या कागदांत बटकी आणि कुणबिणी म्हणजे गुलाम बायका विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत, किमतीसह. एखाद्या प्रतिष्ठित घराच्या जमाखर्चात म्हशीच्या ओळीखाली बाई लिहिलेली असते. व्याजात गिळलेली शेतं, पाणवठ्यावरून झालेली मारहाण, विधवेला घराबाहेर काढल्याचा कज्जा, हे सगळं आहे. एकदा एक गृहस्थ असा कागद वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हे पान नको घेऊया."

मी त्यांना घ्यायला सांगितलं. ती बाई त्या एका ओळीतच शिल्लक आहे. तुम्ही ती ओळ वगळलीत तर तिचं कोणी उरत नाही. घराण्याचा इतिहास लिहिताना ती नोंद जशीच्या तशी, नाव असेल तर नावासकट द्या. फक्त एक पथ्य : हयात माणसांचं, त्यांच्या आईबापांचं दुखणं, दत्तकपण, जातीचा किंवा लग्नाचा खासगी तपशील त्यांना न विचारता कुठेही टाकू नका.

घरात जुने कागद आहेत. ते कसे सांभाळू? आणि मंडळाला दिले तर आमचे राहतील का?

पहिलं, लॅमिनेशन करू नका. आमच्या घरातलं एक वाटणीपत्र काकांनी मायेपोटी लॅमिनेट करून आणलं. चार वर्षांत ते पिवळं पडलं, आता प्लॅस्टिक सोडवायला जावं तर शाईच त्याला चिकटून येते. सेलोटेप, स्टेपल, डिंक यांपैकी काही लावू नका. उन्हात वाळवू नका. जुनी शाई काजळाची असते, ओल्या फडक्याने पुसली की गेली. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चांगला दणकट असतो. त्याचं खरं वैर ओल, वाळवी आणि आपला उत्साह यांच्याशी.

घडी सावकाश उलगडा. कधी घडीतून बारीक चमचमती वाळू टेबलावर पडते. शाई टिपायला लिहिणाऱ्याने टाकलेली ती वाळू, दोनशे वर्षं तशीच राहिलेली. कागद सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोरी दिसणारी पाठही घ्या, 'पैवस्ती'ची तारीख म्हणजे कागद पोहोचल्याचा दिवस बहुधा तिथेच असतो. कागद ज्या क्रमाने बांधलेले मिळाले तो क्रम मोडू नका. मग धुतलेल्या सुती कापडात वेखंडाचा तुकडा घालून बांधा आणि जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवा.

मंडळाला किंवा पुराभिलेखागाराला द्यायचे असतील तर आधी यादी करा, फोटो स्वतःकडे ठेवा, भावकीतल्या सगळ्यांना विचारा आणि देताना लेखी पोच घ्या. कोणाच्या नावाने ठेवणार, इतरांना पाहू देणार का, छापायचं झालं तर कळवणार का, हे त्या पत्रात लिहून घ्या. दिलेला कागद संस्थेचा होतो, हे मनाशी आधी ठरवून मगच द्यावा. मूळ कागद द्यायचं मन होत नसेल तर चांगले फोटो आणि घराण्याची माहिती द्या, तेही कामाचं असतं.

आणि कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालायचा विचार घरात निघाला असेल, तर तेवढा एक दिवस थांबवा. पिशवीत भरून इकडे घेऊन या. येण्याआधी फोन करून वाचनालयाची वेळ विचारून घ्या, सोबत साधी पेन्सिल आणा. टेबलावर शाईचं पेन चालत नाही.